गावतळ्यातलं केंदाळ आणि कर्दळीचा वाफा: करवीर तालुक्यातल्या एका गावाचं प्रकरण

गेल्या वर्षभरात तीन-चार गावांतून मला एकच प्रश्न आला: "सर, सांडपाण्याला कुठली झाडं लावायची?" झाडांची नावं एका ओळीत सांगता येतात. पण नुसत्या नावांनी काम होत नाही, हे मी करवीर तालुक्यातल्या एका गावतळ्यावर शिकलो. म्हणून ते प्रकरण सुरुवातीपासून लिहून ठेवतो आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवतो. तिथल्या सरपंचवहिनी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आई, त्यांच्या निरोपावरून मी तिथे गेलो आणि तीन वर्षं जात राहिलो.

पार्श्वभूमी

तळं तीन एकरांचं. पूर्वेला दगडी घाट, उत्तरेला गावठाण, उरलेल्या दोन्ही बाजूंना ऊस. म्हशी डुंबवणं, कपडे धुणं, गणपतीचं विसर्जन आणि चैत्रातल्या यात्रेला पालखीचं स्नान, सगळं त्या एका घाटावर.

जुनी माणसं सांगतात, घाटाच्या चौथ्या पायरीवर उभं राहिलं की तळ दिसायचा. तेव्हा पाणी आडावरून डोक्यावर यायचं, जपून वापरलं जायचं, आणि न्हाणीतून बाहेर पडलेलं पाणी परसात मुरायचं. प्रत्येक न्हाणीमागे अळूचं बेट, कडेला कर्दळ, पुढे दोन केळी. पाणथळ झाडांनी सांडपाणी निवळण्याची पद्धत आज आपण आराखडे काढून उभी करतो. तिचं लहानसं रूप या गावात घरटी एक होतं.

मग नळ आले. जलजीवन योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे, आणि घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण बाहेर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब कुणी केला नव्हता. परसात खोल्या उठल्या, अळूची बेटं गेली, सिमेंटची गटारं झाली आणि ती उताराकडे, म्हणजे तळ्याकडे सोडली गेली. संडासांचे शोषखड्डे वेगळे आहेत. गटारात येतं ते न्हाणीचं, मोरीचं आणि गोठे धुतल्याचं पाणी.

अडचण

मी पहिल्यांदा गेलो तो फेब्रुवारीचा महिना होता. तळं दिसतच नव्हतं. घाटापासून पलीकडच्या बांधापर्यंत केंदाळ, वर जांभळी फुलं. लांबून पाहणाऱ्याला सुंदर वाटावं असं.

केंदाळ, म्हणजे जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली. फुलांच्या हौसेनं माणसांनीच ती देशोदेशी नेली. उबदार, संथ आणि खतावलेल्या पाण्यात तिचा पसारा दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. पंचगंगेवर आपण हे दर उन्हाळ्यात बघतो. बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पडले, पाणी थांबलं, की शिरोळकडे नदीवर हिरवी चादर पसरते. नदीवरची चादर निदान पुरात वाहून तरी जाते. तळ्यातली कुठे जाणार?

चादरीखाली ऊन पोचत नाही, वाऱ्यानं पाणी ढवळत नाही, कुजलेली पानं खाली साचत जातात आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. पंचायतीनं सोडलेले रोहू, कटला केव्हाच मेले होते. मरळ तेवढा टिकून होता, कारण तो वर येऊन हवा घेतो. म्हशींना पाण्यात उतरता येईना. डास वाढले. काही जातींच्या डासांच्या अळ्या तर केंदाळाच्या मुळांनाच चिकटून तिथूनच हवा घेतात, त्यामुळे पाण्यावर औषध मारूनही त्या सापडत नाहीत.

ग्रामसभेत सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: केंदाळ ही अडचण आहे, ते काढा. मला ते अर्धवट वाटत होतं, पण पटवून देण्यासारखं हातात काही नव्हतं. म्हणून त्या दिवशी मी तीन ठिकाणची रोपं उपटून घाटावर ओळीनं मांडली.

गटाराच्या तोंडाजवळचं रोप कमरेएवढं उंच, पानं काळपट हिरवी, मुळं वीतभरसुद्धा नाहीत. तळ्याच्या मध्यावरचं रोप बुटकं, पानं फिकट, आणि खाली जांभळट काळ्या मुळांची हातभर लांब झुपकेदार शेपटी. या वनस्पतीची रीतच तशी आहे. नत्र आणि स्फुरद मुबलक मिळालं की ती पानं वाढवते, मुळं आखडते. अन्न कमी पडलं की मुळं लांबवते. पाण्यात खत किती आहे हे ती स्वतःच्या अंगावर लिहून ठेवते.

तिसरं रोप दक्षिणेकडून आणलं होतं. तिथे गटार नाही. तरी ते पहिल्यासारखंच, उंच आणि आखूड मुळांचं. त्या कोपऱ्यात उसाच्या चार-पाच शेतांचा पाट तळ्यात उतरतो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून दीडेक वर्ष उभ्या राहणाऱ्या उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, आणि पाटानं मोकळं पाणी दिलं की त्यातला काही भाग निचऱ्याबरोबर खाली येणारच. गाव इतके दिवस एकाच तोंडाबद्दल बोलत होतं, पण तळ्याला दोन तोंडं होती.

तीन रोपं शेजारी शेजारी ठेवल्यावर कुणाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. सत्तरीचे एक अण्णा म्हणाले, "म्हंजे आमचं खत आमच्याच तळ्यात पिकालंय की ओ!" तिथून पुढची चर्चा सरळ झाली.

समोरचे पर्याय

तणनाशक फवारणं सर्वांत स्वस्त होतं, आणि दोन तरुण सदस्य त्याच बाजूचे होते. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, पंचायतीकडे पैसा खरंच कमी होता. पण फवारलेलं केंदाळ मरून तळाशी बसतं, कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं, आणि त्यानं धरून ठेवलेलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतं. पुढचं पीक त्याच खतावर उभं राहतं. शिवाय जनावरं ते पाणी पितात. हा पर्याय मतदानाला जायच्या आधीच पडला.

केंदाळ खाणारे भुंगेरे हा दुसरा. भारतात ते १९८० च्या दशकात आणले गेले आणि काही तलावांत त्यांनी चांगलं कामही केलं. पण त्यांना वर्षं लागतात, आणि बाहेरून खत येतच राहिलं तर रोपं खाल्ल्या वेगापेक्षा जास्त वेगानं फुटतात. आमच्या तळ्यात खत रोज येत होतं.

यंत्रांचं सांडपाणी केंद्र कुणीतरी सुचवलं. पंप, हवा देणारी यंत्रं, वीजबिल, ते चालवणारा माणूस. एका शेजारच्या गावात असं यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये बंद पडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे ते लांबलं नाही.

उरलं ते असं: केंदाळ माणसांनी आणि पोकलेननं काढायचं, आणि तळ्यात पाणी शिरण्याआधी गटाराच्या तोंडाशी खडीचा वाफा करून त्यात पाणथळ झाडं लावायची. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता, त्यातून हे बसत होतं.

इथे एका मुद्द्यावर माझ्याच मनात बराच वाद झाला. पाण्यातून नत्र-स्फुरद ओढून घ्यायला केंदाळाइतकं तेज झाड क्वचितच सापडेल. मग वाफ्यात तेच का लावू नये? एका प्राध्यापक मित्रानं हे अगदी गंभीरपणे सुचवलं. मी नाही म्हणालो. बंद टाकीत, रोज कुणी काढणारं असेल तिथे ते चालेल. इथे एक रोप पुरात तळ्यात गेलं, तिथून ओढ्यात आणि ओढ्यातून पंचगंगेत गेलं, तर आम्ही आमची घाण खालच्या गावांना पाठवली असं होईल. त्याचं बी चिखलात वीस-वीस वर्षं जिवंत राहतं. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

पहिली कृती: केंदाळ काढणं

यात्रा पंधरा दिवसांवर होती. गावाला यात्रेपूर्वी तळं मोकळं हवं होतं. मी म्हणालो, सगळं एकदम काढू नका, पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा आडवा बांबू लावून ठेवा. कारणं दोन. केंदाळावर कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या होत्या, त्यांना आसरा राहील. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: हे केंदाळ पाण्यातलं खत स्वतःत धरून ठेवत होतं आणि पाण्यावर सावलीही धरत होतं.

सभेत मंडळी म्हणाली, "सर, पालखी केंदाळात बुडवायची काय?" मला उत्तर सुचलं नाही आणि मी मान डोलावली. या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती माझी. पश्चिमेचा हिस्सा घाटापासून लांब होता. पालखीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. दहा मिनिटं उभं राहून समजावलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं.

ऐंशीच्या वर ट्रॉल्या निघाल्या. एका ट्रॉलीत तीनेक टन ओलं केंदाळ बसतं. त्यात ९५ टक्के पाणी, म्हणजे वाळलेला माल दीडशे किलो, आणि त्यात नत्र साधारण दोन टक्के धरलं तर तीन किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र जवळपास २१ किलो असतं. म्हणजे एका पोत्यातलं नत्र तळ्याबाहेर काढायला सात ट्रॉल्या भराव्या लागतात. हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा शेतकरी मंडळी एकदम गप्प झाली. पोतं शेतात टाकायला दहा मिनिटं लागतात.

काढलेल्या केंदाळाचे उंच ढीग तळ्यापासून लांब, चढावर घातले, शेण आणि पाचट मिसळून. ढीग आतून चांगला तापला तर बी मरतं, तापला नाही तर खतातून बी पसरतं. म्हणून ढीग तीनदा उलटले. हे गाव औद्योगिक वसाहतीच्या खाली नाही, म्हणून खत करता आलं. केंदाळ जड धातूही मुळांत साठवतं. कारखान्याचं पाणी येणाऱ्या तळ्यातलं केंदाळ शेतात घालायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

यात्रा थाटात झाली. मे उजाडला आणि तळं हिरवं व्हायला लागलं. आठ-दहा दिवसांत पाणी वाटलेल्या पालकासारखं झालं. खत होतंच, सावली गेली होती, ऊन मिळालं, आणि केंदाळाची जागा सूक्ष्म शेवाळानं घेतली. पांढऱ्या रंगानं रंगवलेलं ताट दोरीला बांधून मी पाण्यात सोडत असे, किती खोलवर दिसतं ते मोजायला. ते वीतभर खाली गेलं की दिसेनासं होई. पहाटे उरलेले मासे तोंड वर काढून उभे. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही श्वास घेतं, आणि पहाटेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. एक बाई घाटावर मला म्हणाली, "केंदाळ बरं हुतं की सर, निदान वास तर येत नव्हता." मला फार वाईट वाटलं.

दुसरी कृती: वाफा

गटाराचं मुख्य तोंड ज्या १४० घरांचं, तिथे माणसं सुमारे ७००. माणशी ४४ लिटर धरले तर दिवसाला ३१ हजार लिटर पाणी. जागा मिळाली ती घाटाच्या उत्तरेची, २० मीटर लांब, ५ मीटर रुंद. ६० सेंटिमीटर खोल खणून खडी भरली. खडीतल्या मोकळ्या जागेत २४ हजार लिटर मावतात, म्हणजे पाणी वाफ्यात पूर्ण एक दिवसही थांबत नाही. खरं तर तीन दिवस तरी थांबायला हवं. हे मी सभेत स्पष्ट सांगितलं: यातून निघेल ते पाणी निवळलेलं असेल, शुद्ध नसेल. पुढे तळ्याच्या काठाशी गुडघाभर खोलीचा उघडा, वळणावळणाचा चर काढला आणि त्यातून फिरून पाणी तळ्यात जाईल असं केलं. जागेच्या मानानं तेवढंच शक्य होतं.

खडीत कर्दळ, वेखंड आणि पाणकणीस. उघड्या चरात देवनळ आणि लव्हाळा. कर्दळ निवडली कारण ती गावात होतीच, कंद फुकट मिळाले, आणि ती गटाराच्या तोंडाशी उभी राहते. वेखंडाची मागणी बायकांची होती, बाळंतिणीच्या घरी लागतं म्हणून. अळूही लावू म्हणाल्या. तो मी नको म्हटला, कारण लावला की कुणीतरी त्याची पानं नेऊन फदफदं करणार. ज्या पाण्यात गोठ्याचं मूत्र आणि साबण आहे, त्यातलं खाऊ नये.

ही झाडं चिखलात जगतात कशी, यातच त्यांच्या उपयोगाचं मर्म आहे. साध्या रोपाचं मूळ पाण्याखालच्या, हवा नसलेल्या चिखलात गुदमरून कुजतं. पाणकणसाच्या पानाचा तुकडा आडवा कापून पाहिला तर आत पोकळ कप्पेच कप्पे दिसतात. त्यातून हवा वरून मुळांपर्यंत उतरते आणि मुळांतून थोडी बाहेर झिरपते. मुळाभोवती केसाएवढ्या जागेत हवा असते, त्याच्या पलीकडे नसते. हवेच्या जागी राहणारे जिवाणू सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. हवा नसलेल्या जागी राहणारे दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नत्रवायू करून आकाशात सोडतात. म्हणजे नत्राचं बरंचसं काम झाड स्वतः करत नाही. ते जिवाणूंना घर बांधून देतं आणि घराला हवा पुरवतं. स्फुरदाचं मात्र असं होत नाही. ते वाऱ्यावर उडून जात नाही. काही खडीला आणि मातीला चिकटतं, तीही कधीतरी भरते. काही झाडाच्या अंगात जातं आणि झाड वाळलं की परत पाण्यात उतरतं. ते बाहेर काढायचं असेल तर झाड कापून बाहेर न्यावंच लागतं.

हे सगळं मला ठाऊक होतं, वर्गात शिकवत होतो. तरी पहिल्या आराखड्यात कापणीबद्दल एक ओळही नव्हती.

पहिला पावसाळा

कंद लावले जूनच्या पहिल्या आठवड्यात. पैसे तेव्हा आले, म्हणून तेव्हा लावले. झाडांना मुळं धरायला दोन महिने तरी हवे होते. कोल्हापूरचा पाऊस दोन महिने थांबत नाही. जुलैत एका रात्री गटारातून डोंगराचं पाणी आल्यासारखा लोंढा आला आणि निम्मी कर्दळ खडीसकट तळ्यात गेली. जास्तीचं पाणी बाजूनं वळवून काढायला सांडवा ठेवलेला नव्हता. ज्या जिल्ह्यानं २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले, तिथे सांडव्याशिवाय वाफा बांधणं हा निष्काळजीपणा होता.

उरलेला वाफा सप्टेंबरपर्यंत तुंबला. गोठ्याच्या पाण्यात वैरणीचे तंतू आणि शेण असतं, मोरीच्या पाण्यात तेलकट मेण. ते खडीच्या पहिल्या चार फुटांत अडकलं आणि पाणी खडीवरून वाहू लागलं. आम्ही आधी एक छोटा हौद ठेवला होता, पण तो लहान होता आणि कुणी उपसत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरुवात. हौद तिप्पट मोठा, त्यात मध्ये भिंत, म्हणजे तेल वर आणि गाळ खाली राहतो. शेजारी सांडवा. पुढची चार फूट खडी काढून धुऊन परत भरली. म्हशी वाफ्यात शिरत होत्या, त्यासाठी दोन तारा ओढल्या. लावणी पुन्हा केली, आणि जानेवारीपर्यंत कर्दळ छातीएवढी झाली.

विळ्याचा प्रश्न

दुसऱ्या लावणीच्या सभेत बचत गटातल्या एक आक्का उठल्या आणि म्हणाल्या, "सर, लावायला समदी येत्यात, फोटो काढायलाबी येत्यात. कापायचं कुणी, ते आधी सांगा." सभेत कुणी बोललं नाही. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मग त्याच म्हणाल्या, "मी कापतो की. पण हजेरी द्यायची, आणि कापलेलं आमचं."

माझ्या मते या प्रकरणाची दिशा त्या क्षणी ठरली. बचत गटाच्या सहा बायका वर्षातून तीनदा वाफा आणि चर कापतात, पंचायत हजेरी देते. कापणीची वेळ आम्ही नीट ठरवली. पाणकणीस पिवळं पडायला लागलं की पानांतलं अन्न खाली कंदात ओढून घेतं. पिवळं पडल्यावर कापलं तर हाती नुसता काड येतो. म्हणून हिरवं असतानाच कापायचं, पण पाण्याच्या पातळीच्या वर. पाण्याखाली कापलं तर कंदाची हवा तुटते आणि झाड मरतं. जिथे पाणकणीस चराबाहेर पसरतं, तिथे मात्र मुद्दाम पाण्याखाली कापतात. हे तंत्र आक्कांनी माझ्यापेक्षा लवकर आत्मसात केलं.

कापलेलं उसाच्या सरीत पाचटासारखं पसरतात. शेतातून तळ्यात आलेलं खत असं थोडं थोडं परत शेतात जातं.

दुसऱ्या तोंडाचं, म्हणजे उसाच्या पाटाचं काम अवघड होतं, कारण जमीन खाजगी. मला पाटाच्या दोन्ही कडांना सहा फूट पट्टा सोडून तिथे वाळा आणि देवनळ हवा होता. शेतकरी म्हणाले, सहा फुटांत दोन सऱ्या बसतात. दोन महिने काही हललं नाही. मग एकानं विचारलं, "पॅरा गवत लावलं तर? म्हशींना वैरण हुईल." पॅरा गवत बाहेरून आलेलं, ओलसर जागी पसरणारं. माझ्या मनाला ते पटत नव्हतं. पण ते दर सहा-सात आठवड्यांनी कापलं जाणार होतं, कारण घरी म्हैस होती. आणि माझा देशी देवनळ कापायला कुणी येणार नव्हतं. मी हो म्हणालो. तळ्याच्या बाजूला दगडी बांध घालायची अट मात्र घातली, गवत पाण्यात उतरू नये म्हणून. चारपैकी तीन शेतकऱ्यांनी पट्टा केला. देशी-परदेशीचा आग्रह मी एरवी सोडत नाही. इथे सोडला, आणि हा निर्णय बरोबर होता की नाही यावर माझे सहकारी अजून माझ्याशी भांडतात.

निष्पत्ती

तिसऱ्या उन्हाळ्यात पांढरं ताट हातभर खोलीपर्यंत दिसत होतं. गटाराच्या तोंडाचा वास गेला. केंदाळ परत आलं, पण काठाकाठानं, आणि बायका महिन्यातून एकदा ते हातानं काढतात. म्हशी पाण्यात उतरतात. पश्चिमेला कुमुदाची पानं आपोआप उगवली आणि त्यांवर कमळपक्ष्याची जोडी आली.

तळं स्वच्छ झालं असं मी म्हणणार नाही. अंघोळीच्या पाण्याला जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा निकष आहे. एक दिवसही न थांबणाऱ्या वाफ्यातून तिथवर पोचता येत नाही. पालखीचं स्नान आता टँकरच्या पाण्यानं होतं, आणि तसं करावं हे पुजारीकाकांनीच सुचवलं.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीला पाण्याची रीतसर तपासणी करून घ्यायला हवी होती, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, दोन्ही तोंडांशी. आम्ही एकदाच नमुना दिला, तोही दुसऱ्या पावसाळ्यात, भरलेल्या तळ्यातला. त्याच्याशी पुढचं काही ताडून पाहता येत नाही. ताटाची नोंद तेवढी माझ्या वहीत आहे.

क्रमही उलटा हवा होता. आम्ही आधी केंदाळ काढलं आणि मग तोंड बांधायला गेलो. आधी हौद आणि वाफा, हिवाळ्यात लावणी, पावसाळ्यापूर्वी मुळं धरलेली, आणि मग केंदाळ टप्प्याटप्प्यानं, दोन वर्षांत काढलं असतं तर तो हिरवा मे महिना टळला असता. पैसे जूनमध्ये आले तर लावणीला ऑक्टोबरपर्यंत थांबणं, एवढंही मला सुचलं नाही.

आणि वाफ्याच्या जागेत जे पोचूच नये ते घरातच अडवता आलं असतं. ज्यांना थोडं परस उरलं आहे, अशा घरांनी न्हाणीचं पाणी पुन्हा केळी-कर्दळीकडे वळवलं असतं तर गटाराचा भार पहिल्या दिवसापासून कमी झाला असता. यंदा अकरा घरांनी ते केलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वाफा बघून त्यांच्या आज्यांनी सुनांना सांगितलं.

पुढच्या ग्रामसभेत दक्षिणेच्या नव्या वसाहतीचा विषय आहे. तिथल्या तीस घरांचं गटार आता सरळ तळ्यात येतं, वाफ्याला जागा नाही, आणि चौथ्या शेतकऱ्याचा बांध त्याच वाटेवर आहे. परवा तिथलं केंदाळाचं एक रोप उपटून पाहिलं. पानं काळपट हिरवी होती, मुळं वीतभरसुद्धा नव्हती.